पॉलिस्टर, नायलॉन की पॉलिप्रॉपिलीन? उचलायचा बेल्ट विकण्याआधी आणि विकत घेण्याआधी

वेबिंग बेल्टच्या व्हिडिओत आपण बेल्ट हातात घेऊन दाखवला, पण कापडाचा मुद्दा घाईत निघून गेला. खरं तर या धंद्यातला सगळा फरक कापडात आहे. म्हणून हा लेख जरा सावकाश वाचा. ऊर्जानगर, दुर्गापूर, तुकूम, ताडाळी, घुग्घुस या पट्ट्यात ज्यांना इंडस्ट्रियल सप्लायचं किंवा रिगिंगचं छोटं काम सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी तर हा मुख्य विषय आहे.

आधी आपल्या भोवतीचं मार्केट बघा. ऊर्जानगरला लागून महानिर्मितीचं 2920 मेगावॉटचं वीज केंद्र. एखादा संच ओव्हरहॉलिंगला बंद झाला की मोटारी, पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स, पंख्यांचे रोटर, सगळं उचलायचं, बाजूला ठेवायचं, परत बसवायचं. त्याशिवाय वेकोलिच्या खाणी, आवारपूर, उपरवाही आणि घुग्घुसचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल, मूल रोडचा फेरो अलॉय प्लांट, आणि गडचिरोलीकडे सुरजागडची लोहखनिजाची खाण, कोनसरीचा प्रकल्प. प्रत्येक ठिकाणी हायड्रा आहे, चेन ब्लॉक आहे, खलाशी आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी बेल्ट लागतो. पण प्रत्येक ठिकाणी एकच बेल्ट चालत नाही. दुकानदार सगळ्यांना एकच बेल्ट देतो, तिथेच तुमची संधी आहे. आणि तिथेच धोकाही आहे, कारण हुकाला लटकलेल्या तीन टनांच्या खाली कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप उभा असतो. उभं राहू नये हा नियम आहे, पण साइटवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

तिन्ही कापडं तुमच्या घरातलीच

नावं ऐकून घाबरू नका. पॉलिस्टर म्हणजे आपल्या वडिलांच्या टेरिकॉटच्या पँटमधला धागा, आईच्या सिंथेटिक साडीतला धागा. नायलॉन म्हणजे विहिरीवरची, बैलाच्या दाव्याची ती चिवट, किंचित ताणली जाणारी दोरी. आणि पॉलिप्रॉपिलीन म्हणजे सिमेंटचं पोतं. आपल्या जिल्ह्यात ते कुणाला दाखवायची गरज नाही.

उचलण्यासाठी बनवलेल्या चपट्या बेल्टमध्ये हेच तीन धागे मुख्य आहेत. युरोपच्या ईएन 1492-1 या मानकात या तिघांचे नियम एकत्र दिलेले आहेत आणि आपल्याकडचे बरेच चांगले उत्पादकही आपल्या बेल्टवर हाच क्रमांक छापतात. चौथा एक धागा आहे, एचएमपीई, डायनिमा या नावाने ओळखला जातो. फार हलका, फार मजबूत, फार महाग, आणि उष्णता सोसत नाही. नवीन माणसाने त्याच्या नादी लागू नये, एवढंच.

बाजारात ऐंशी-नव्वद टक्के वेळा तुम्हाला पॉलिस्टरच दिसेल, असं मी माझ्या डोळ्यांच्या अंदाजाने सांगतो. त्याला कारणही आहे. पूर्ण भारावर पॉलिस्टरचा बेल्ट साधारण 3 टक्के ताणतो. नायलॉन 8 ते 10 टक्के ताणतो. आकडा छोटा वाटतो ना? चार मीटरचा बेल्ट घ्या. पॉलिस्टर सुमारे 12 सेंटीमीटर लांबेल, नायलॉन 32 सेंटीमीटरपेक्षा जास्त. आता समजा तुम्हाला एक गिअरबॉक्स चार फाउंडेशन बोल्टवर बरोबर बसवायचा आहे. नायलॉनवर तो झोपाळ्यासारखा वरखाली होणार. खाली फिटर बोल्टच्या भोकात बोट घालून अंदाज घेत असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून अलाइनमेंटचं काम, रोटर, मशीनिंग झालेले पार्ट, यांना पॉलिस्टर. नायलॉनची ही लवचीकता धक्का थोडा पचवते हे खरं आहे, पण म्हणून धक्का द्यायची परवानगी मिळाली असं समजू नका. झटका देऊन उचलणं कोणत्याच बेल्टला चालत नाही.

नायलॉनचा दुसरा गुण-दोष पाण्याचा. नायलॉन पाणी पितं. पूर्ण भिजल्यावर त्याची ताकद 15 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्यावर काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. पॉलिस्टरला पावसाचा एवढा फरक पडत नाही.

आम्ल आणि अल्कली: इथे गिऱ्हाईक तुम्हाला ओळखेल

हा भाग नीट वाचा, कारण दुकानात बसलेले निम्मे विक्रेते याच्याबद्दल एक वाक्य बोलू शकत नाहीत.

पॉलिस्टर खनिज आम्लांना बऱ्यापैकी तोंड देतं, पण अल्कली त्याला खाते. नायलॉनचं अगदी उलट, अल्कलीने त्याला काही होत नाही, पण खनिज आम्ल लागलं की तो गेला. पॉलिप्रॉपिलीन दोन्ही सहन करतं, फक्त काही सॉल्व्हंटपासून त्याला लांब ठेवायचं.

अल्कली पॉलिस्टरला खाते म्हणजे काय, यावर एक साडीचं उदाहरण देतो. पॉलिस्टरची साडी रेशमासारखी मऊ पडावी म्हणून कापड प्रक्रिया करणाऱ्या मिल तिला गरम कॉस्टिक सोड्यात धुतात. त्या प्रक्रियेचं नावच वजन घटवणं असं आहे. धाग्याचा वरचा थर विरघळतो, धागा बारीक होतो, साडी झुळझुळीत होते. साडीला हे हवं असतं. तुमच्या तीन टनांच्या बेल्टला नको असतं.

आता हे ज्ञान घेऊन वीज केंद्रात चला. बॉयलरला क्षारमुक्त पाणी लागतं, ते डीएम प्लांटमध्ये तयार होतं. तिथलं रेझिन पुन्हा ताजं करायला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही वापरतात. एकाच शेडमध्ये दोन टाक्या, दोन पंप, दोन लाइन. आम्लाच्या बाजूचा पंप उचलायला नायलॉनचा बेल्ट नेला तर चूक, कॉस्टिकच्या बाजूला पॉलिस्टरचा नेला तर चूक. आणि दोन्हीकडे एकच बेल्ट फिरवला जाणार असेल, जे साइटवर नक्की होतं, तर पॉलिप्रॉपिलीनचा विचार करा. बॅटरी रूममध्ये गंधकाम्ल असतं, म्हणजे नायलॉन बाहेर. पेपर मिलच्या पल्प विभागात कॉस्टिकचा कारभार, म्हणजे पॉलिस्टर सांभाळून.

सिमेंटबद्दल लोक विसरतात. ओलं सिमेंट चांगलंच अल्कलीयुक्त असतं, म्हणून तर मिस्त्रीच्या हाताची साल निघते. कोरडी धूळ बेल्टवर बसली तर झटकून टाकता येते. पण बेल्टवर सिमेंटचा लगदा बसला, वाळला, पुन्हा भिजला, असं महिनाभर चाललं तर पॉलिस्टर आतून कमजोर होत जातं. वरून तो नुसता राखाडी आणि कडक दिसतो. अशा गिऱ्हाइकाला नवीन बेल्ट विकण्यासोबत सांगा: काम झालं की साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. साबण नको, कॉस्टिकवाला क्लीनर तर अजिबात नको.

आणि पातळ आम्ल म्हणून निश्चिंत राहू नका. बेल्टवर पडलेल्या पातळ आम्लातलं पाणी उडून जातं, आम्ल तिथेच राहतं आणि घट्ट होत जातं. सोमवारी पडलेला निरुपद्रवी थेंब गुरुवारपर्यंत धागा कुरतडत असतो.

उन्हाळा, स्टीम आणि भट्टी

मानकाप्रमाणे पॉलिस्टर आणि नायलॉनचे बेल्ट उणे 40 पासून 100 अंश सेल्सिअसपर्यंत वापरता येतात. पॉलिप्रॉपिलीन 80 अंशांपर्यंतच. चंद्रपूरचा मे महिना 47 अंशांपर्यंत जातो, मग कुणी म्हणेल 80 अजून लांब आहे. पण हवेचं तापमान वेगळं आणि उन्हात पडलेल्या लोखंडी प्लेटचं वेगळं. त्या प्लेटला तुम्ही हात लावू शकत नाही, बेल्ट मात्र दिवसभर तिला चिकटलेला असतो. शिवाय ऊन स्वतःच पॉलिप्रॉपिलीनचं वैरी आहे. अंगणात दोन उन्हाळे पडलेलं सिमेंटचं पोतं उचलून बघा, हातात पापडासारखं तुटतं. बेल्टमध्ये ऊन सोसण्यासाठी रसायनं मिसळलेली असतात, तरी स्वभाव तोच. म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा बेल्ट विकताना गिऱ्हाइकाला सांगून ठेवा की काम झालं की तो शेडमध्ये, झाकून.

नुकती बंद केलेली स्टीम लाइन, क्लिंकर कूलरजवळचा पार्ट, सिमेंटच्या भट्टीचं कवच जे बाहेरूनही दोनशे अंशांच्या वर असतं, फेरो अलॉयचं गरम लॅडल. इथे तिन्हीपैकी एकही कापड नाही. तिथे वायर रोप किंवा अलॉय स्टीलची चेन. गिऱ्हाइकाला "हे माझ्याकडे नाही, पण तुम्हाला हे लागेल" असं सांगणारा सप्लायर त्यांना लक्षात राहतो, हे मी अनेक छोट्या व्यावसायिकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

रंगाचा घोळ

मित्रांनो, बेल्टवर दोन वेगळे रंग असतात आणि दोघांचा अर्थ वेगळा. बेल्टच्या कापडाचा रंग सांगतो वजन. लेबलचा रंग सांगतो धागा.

कापड जांभळं म्हणजे 1 टन, हिरवं 2 टन, पिवळं 3, राखाडी 4, लाल 5, तपकिरी 6, निळं 8, आणि नारिंगी 10 टन किंवा जास्त. लेबल मात्र निळं असेल तर पॉलिस्टर, हिरवं असेल तर नायलॉन, तपकिरी असेल तर पॉलिप्रॉपिलीन.

म्हणजे "हिरवा द्या" असा फोन आला तर गडी 2 टनांचा मागतोय की नायलॉनचा? बहुतेक वेळा 2 टनांचाच, पण विचारा. फोनवर विचारायला दहा सेकंद लागतात. आणखी एक, स्वस्त मालात हे रंग पाळलेलेच असतील असं नाही. लेबलवर लिहिलेलं वाचा, रंगावर विसंबू नका. आणि लेबलच नसेल किंवा वाचता येत नसेल, तर तो बेल्ट कितीही नवा दिसो, उचलायला बाद.

धाग्याबद्दल शंका आली तर एक घरगुती परीक्षा आहे. मात्र ती वापरातल्या बेल्टवर करायची नाही, सॅम्पलच्या तुकड्यावर करायची. तुकड्यातले काही सुटे धागे काढा. पेल्यात पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे हवेचे बुडबुडे धाग्याला चिकटणार नाहीत. धागा तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, कारण त्याची घनता 0.91, पाण्यापेक्षा कमी. बुडाला तर दुसऱ्या पेल्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाला. त्या पाण्याची घनता 1.2 च्या आसपास येते. नायलॉन 1.14, म्हणून तो आता तरंगेल. पॉलिस्टर 1.38, तो तळाशीच राहील. वीस रुपयांत होणारी ही परीक्षा आहे. यावरून टेस्ट सर्टिफिकेट लिहायचं नाही, पण होलसेलवाल्याला प्रश्न विचारायला एवढं पुरतं.

"तोच बेल्ट, शंभर रुपये स्वस्त"

हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. दोन कोटेशन समोर असतील, दोन्हीवर 2 टन, 4 मीटर, पॉलिस्टर. एक स्वस्त. फरक कुठे लपलेला असतो? सेफ्टी फॅक्टरमध्ये. ईएन 1492-1 मध्ये 7:1 लागतो, म्हणजे 2 टनांचा नवा बेल्ट 14 टनांच्या आधी तुटता कामा नये. बाजारात 5:1 चाही माल मिळतो, तो 10 टनांना तुटू शकतो. दोन्हीवर "2 टन" खरंच लिहिलेलं असतं, कुणी खोटं बोलत नाही, पण दोन्ही एक नाहीत. आपल्याकडच्या 7:1 च्या मालात साधारण एका टनाला 30 मिलिमीटर रुंदी असा हिशेब दिसतो, 2 टनाला 60. रुंदी त्याहून बरीच कमी दिसली तर फॅक्टर विचारा. तुमच्या कोटेशनवर फॅक्टर, धागा, लांबी, रुंदी हे चारही शब्दांत लिहा. मग तुलना करणारा अधिकारी समोरच्याला विचारेल, "तुमचा फॅक्टर किती?"

आणि हा सातपटीचा साठा जास्त वजन उचलायला नाही. "सातपट ताकद आहे ना, तीन टन उचलेल की" असं म्हणणारा सुपरवायझर भेटतो. तो साठा झीज, ऊन, धक्का, वाकडा कोन यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे, आणि ते रोज त्यातून खात असतात.

कोनाचं गणित एकदा कागदावर करून बघा. 4 टनांचा लोड, दोन बेल्ट, एकाच हुकाला. बेल्ट जमिनीशी 60 अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येकावर सुमारे 2.3 टन. 45 अंशांवर 2.8 टन. 30 अंशांवर पूर्ण 4 टन, म्हणजे दोन बेल्ट लावूनही एकाएकावर सगळ्या लोडएवढा ताण. "दोन दोन टनांचे दोन लावले, झालं की चार" हे गणित फक्त बेल्ट सरळ उभे असतील तेव्हाच जमतं. लोडला फास घालून उचललं तर बेल्टची क्षमता 0.8 धरायची, 3 टनांचा 2.4 होतो. सागाचे ओंडके, पाइप, शाफ्ट हे सगळे फासानेच उचलतात, त्यामुळे हा आकडा आपल्याकडे रोज लागतो. म्हणून लांब बेल्टची शिफारस करा. थोडा महाग पडतो, पण कोन चांगला मिळतो.

धारेचा मुद्दा थोडक्यात. धार म्हणजे फक्त चाकूसारखी कड नव्हे. कडेची गोलाई बेल्टच्या जाडीपेक्षा कमी असेल तर ती बेल्टसाठी धारच. प्लेट, चॅनेल, कास्टिंगची कड, खनिजाचा दगड, सगळे त्यात आले. तिथे कोपऱ्याचं गार्ड किंवा जाड स्लीव्ह लागतं. बेल्टसोबत गार्ड विकणारे आपल्या भागात फार कमी दिसतात. तुम्ही ठेवा.

एक गोष्ट मात्र रागाने सांगतो. जंबो बॅगचे वरचे पट्टे कापून त्यांनी मोटार उचलतात. ट्रकमधून आलेल्या मालाला गुंडाळलेले एकदाच वापरायचे पांढरे पट्टे परत परत वापरतात. फाटलेला बेल्ट ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून आणतात. बेल्ट आखूड करायला गाठ मारतात. तुमच्याकडे कुणी "शिवून मिळेल का" विचारायला आला तर नाही म्हणा, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

धंदा म्हणून कुठून सुरुवात

बेल्ट बनवायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. पॅटर्न शिलाईची जड मशीन, ताण देऊन तोडून बघायची टेस्ट बेंच, हे सगळं लागतं. आधी विक्री आणि तपासणीची सेवा. 1, 2, 3 आणि 5 टनांचे पॉलिस्टर, 3, 4 आणि 6 मीटर लांबीत ठेवले तर रोजची मागणी भागते. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन ऑर्डर आल्यावर मागवा, पण डीलरकडे दर आणि दिवस आधीच पक्के करून ठेवा. डीएम प्लांटवाला फोन करतो तेव्हा त्याला "चार दिवसांत देतो" हे ऐकायचं असतं, "बघून सांगतो" नाही.

एक कागदी बाब, जी फार जणांना उशिरा कळते. तुम्ही नुसते व्यापारी असाल तर 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यातला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिल सहा महिने अडकलं की हा फरक कळतो. तपासणी, रिगिंग अशी खरी सेवा देत असाल तर नोंदणीत ती सेवा म्हणून दाखवा, आणि त्याचं बिलही वेगळं काढा.

तपासणीची गरज कुठून येते? 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 ने उचलण्याच्या साधनांची, त्यात स्लिंगही आली, सक्षम व्यक्तीकडून किमान बारा महिन्यांतून एकदा कसून तपासणी आणि तिची नोंद ठेवणं बंधनकारक केलं. ही सक्षम व्यक्ती सरकारमान्य असते, तुम्ही-आम्ही सही करून चालत नाही. उत्पादकाचं टेस्ट सर्टिफिकेट म्हणजे ही वार्षिक तपासणी नव्हे, हेही गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागतं. पण त्याआधीचं काम तुम्ही करू शकता: गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधल्या प्रत्येक बेल्टला नंबर, एक रजिस्टर, आणि दर महिन्याला नजरेची तपासणी. कडेला काप आहे का, शिलाई उसवली का, कुठे वितळून चकाकी आली का, रसायनाने पांढरी पूड सुटतेय का, डोळ्याचं कापड घासलंय का. डोळ्यात हुक बसवल्यावर डोळा 20 अंशांपेक्षा जास्त उघडत असेल तर हुक मोठा आहे किंवा डोळा छोटा, बेल्ट बदला.

बाद झालेला बेल्ट कोपऱ्यात फेकू नका, तो रात्रपाळीला परत बाहेर येतो. कात्रीने किंवा ग्राइंडरने दोन्ही डोळे कापून टाका, नंबर रजिस्टरमधून खोडा, आणि तारीख लिहून स्टोअर इनचार्जची सही घ्या.